‘मानीव दिनांक’ आणि शाळेचे वय : एका प्रशासकीय संज्ञेची चिकित्सा

१

महाराष्ट्र शासनाच्या शालेय प्रवेशविषयक आदेशांत ‘मानीव दिनांक’ ही संज्ञा गेली काही वर्षे रूढ झाली आहे. मुलाचे वय कोणत्या दिवशी मोजावयाचे तो दिवस, हा तिचा अर्थ. संज्ञा लहान आहे. परंतु इयत्ता पहिलीत कोणते मूल या वर्षी बसावयाचे आणि कोणते पुढील वर्षापर्यंत थांबावयाचे, याचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या कक्षेत येतो. तथापि वय हे केवळ जीवशास्त्रीय तथ्य नसून ते भाषेत सांगितले जाते, भाषेत लिहिले जाते, आणि ज्या भाषेत ते लिहिले जाते तिच्या मोजण्याच्या पद्धतीचा त्यावर परिणाम होतो. म्हणून भाषाभ्यासकानेही या संज्ञेकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखात या नियमाची शब्दयोजना, तिच्यामागील गणना आणि त्या गणनेचे मुलांच्या भाषिक जीवनावर होणारे परिणाम यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी रायगड जिल्ह्यातील रोहा-अष्टमी हा परिसर घेतला आहे.

प्रथम तथ्ये पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने सहा ते चौदा वर्षे हा वयोगट निश्चित केला. महाराष्ट्रात २०१५ च्या निर्णयानुसार पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने आणावयाची ठरली, आणि त्यासाठी ३१ जुलै हा दिनांक धरण्यात आला. २०१९ मध्ये तो ३० सप्टेंबर झाला. २०२० मध्ये तो ३१ डिसेंबर करण्यात आला, व २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून हीच गणना लागू झाली. या तिन्ही वेळी ‘सहा वर्षे पूर्ण’ ही शब्दयोजना कायम राहिली. बदलला तो केवळ दिनांक. शब्द तेच ठेवून अर्थ हलविण्याचे हे उदाहरण आहे, आणि नेमकी हीच गोष्ट चिकित्सेस पात्र आहे.

२

शाळा जूनच्या मध्यास उघडतात. १५ जून हा दिवस धरून हिशेब केला, तर तीन दिनांकांचे तीन निराळे अर्थ स्पष्ट होतात. ३१ जुलै हा दिनांक असता वर्गातील सर्वांत लहान मूल शाळेच्या पहिल्या दिवशी पाच वर्षे साडेदहा महिन्यांचे असते. ३० सप्टेंबर असता ते पाच वर्षे साडेआठ महिन्यांचे, आणि ३१ डिसेंबर असता पाच वर्षे साडेपाच महिन्यांचे असते. म्हणजे ज्या मुलाविषयी नियम ‘सहा वर्षे पूर्ण’ असे म्हणतो, ते मूल प्रत्यक्षात बाकावर बसते त्या दिवशी साडेपाच वर्षांचे असते. पूर्व-प्राथमिकाच्या पहिल्या वर्गाला हाच दिनांक लावला, की ‘तीन वर्षे पूर्ण’ हे शब्द अडीच वर्षांच्या मुलालाही लागू पडतात.

याउलट केंद्रीय विद्यालयांत २०२२-२३ पासून पहिलीसाठी ३१ मार्च रोजी सहा वर्षे पूर्ण असणे आवश्यक ठरले, आणि तेथील सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. तेथील सर्वांत लहान मूलही पहिल्या दिवशी खरोखरीच सहा वर्षांचे असते. एकाच राज्यात, एकाच रस्त्यावरील दोन शाळांत, ‘सहा अधिक’ या एकाच चिन्हाचे दोन अर्थ होतात व त्यांत जवळजवळ अर्ध्या वर्षाचे अंतर पडते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिलीचे वय साधारणतः सहापेक्षा कमी नसावे असे सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच वय पुन्हा गृहीत धरले, आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये राज्यांना त्याची आठवण करून दिली. कागदावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो सहा केव्हा भरावयाचे याविषयी, आणि तो शब्दांत कोठेच उमटत नाही.

३

या ठिकाणी मराठीच्या वयगणनेकडे वळणे आवश्यक आहे. मराठीत वय सांगण्याच्या दोन रीती आहेत. ‘मुलगा सहा वर्षांचा आहे’ ही संख्यावाचकाची रीत; ‘मुलाला सहावे लागले’ ही क्रमवाचकाची. पहिली सामान्यतः पूर्ण झालेली वर्षे मोजते, दुसरी चालू असलेले वर्ष मोजते. ‘पाच सरून सहावे लागले’ या घरगुती वाक्प्रयोगात दोन्ही रीती शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि बोलणाऱ्याला त्यांतील फरक अचूक ठाऊक असतो. क्रमवाचक नेहमी चालू घटक दाखवितो, हे तिथींच्या नावांवरूनही ध्यानात येईल. अष्टमी ही तिथी चालू असते तेव्हा पूर्ण झालेल्या तिथी सातच असतात. (अष्टमी या गावाच्या नावाची व्युत्पत्ती येथे सांगावयाची नाही, उदाहरण केवळ व्याकरणाचे आहे.)

जुन्या संस्कारगणनेत हा क्रमवाचकच प्रमाण होता. मौंजीबंधनासाठी ‘गर्भाष्टम’ वर्ष सांगितले जाई. त्यात वर्ष चालू धरलेले आहे, इतकेच नव्हे, तर मोजणीचा आरंभही जन्मापासून न करता गर्भापासून केलेला आहे. हा संस्कार मोजक्या वर्णांतील मुलग्यांपुरता होता व त्यामुळे आजच्या सार्वत्रिक शिक्षणाला तो आदर्श होऊ शकत नाही, हे सांगावयास नकोच. परंतु त्यावरून एक गोष्ट शिकता येते. वय मोजताना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात : मोजणी कोठून सुरू करावयाची, कोठे थांबवावयाची, आणि वर्ष पूर्ण धरावयाचे की चालू. जपानात १९०२ च्या कायद्यान्वये व्यक्तीचे वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण झाले असे धरतात. त्यामुळे १ एप्रिलला जन्मलेले मूल तेथे आधीच्या वर्षाच्या मुलांबरोबर शाळेत जाते. एका दिवसाची ही गोष्ट. पण कायद्याने ती उघड सांगितली आहे.

या कसोटीवर ३१ डिसेंबरचा नियम तपासला असता एक विसंगती दिसते. ज्या कॅलेंडर वर्षात मूल सहा वर्षांचे होईल त्याच वर्षाच्या जूनमध्ये ते पहिलीत जाते. शाळा उघडते तेव्हा वर्गातील जुलै ते डिसेंबर या काळात जन्मलेल्या सर्व मुलांचे सहावे वर्ष चालू असते, पूर्ण झालेले नसते. तात्पर्य, व्यवहारात नियम क्रमवाचकाने चालतो आणि भाषा मात्र संख्यावाचकाची वापरतो. घरातील आजी ‘याला आत्ता कुठे सहावे चाललेय’ म्हणते, आणि अर्जावर त्याच मुलाविषयी ‘सहा वर्षे पूर्ण’ असे लिहिले जाते. दोघांचेही बोलणे आपापल्या व्याकरणात बरोबर आहे. पण मुलाच्या स्थितीचे वर्णन आजीच्या वाक्यात आहे.

ही विसंगती ज्या शब्दाने झाकली जाते तो ‘मानीव’. ‘कोरीव’, ‘घडीव’, ‘रेखीव’, ‘आखीव’ यांप्रमाणेच तो धातूला ‘-ईव’ प्रत्यय लागून सिद्ध झाला आहे. अशी विशेषणे पूर्ण झालेल्या क्रियेचा परिणाम सांगतात. क्रिया करणारा मात्र त्यांत अनुच्चारित राहतो. कोरीव लेण्यात कोरणाऱ्याचे नाव नसते. तसेच ‘मानीव दिनांक’ यात कोणी मानले व कशासाठी मानले हे सांगितलेले नसते. विधीच्या भाषेत असे शब्द लागतात हे मान्य केले पाहिजे; पण ज्या शब्दाने वस्तुस्थिती बाजूला ठेवून काही गृहीत धरले जाते, त्या शब्दाने गृहीत काय धरले हे तरी उघड करावयास हवे.

४

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे पुढे येईल. कोणताही दिनांक धरला तरी वर्गातील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या मुलांत बारा महिन्यांचे अंतर राहणारच. मग जुलै काय आणि डिसेंबर काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. अंतर टळत नाही, ही गोष्ट निर्विवाद. परंतु ते अंतर ज्या वयावर पडते ते वय महत्त्वाचे आहे. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने बारा महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. केली बेडर्ड व एलिझाबेथ ड्यूई यांनी २००६ मध्ये अनेक देशांच्या परीक्षाफलांची तुलना करून असे दाखविले, की वर्गातील सर्वांत लहान मुले चौथीच्या सुमारास सर्वांत मोठ्यांपेक्षा ४ ते १२ शतमकांनी मागे असतात आणि आठवीतही हे अंतर २ ते ९ शतमकांइतके उरते. म्हणजे प्रवेशाच्या दिवशीचे अंतर काळाने कमी होते, पण पुसले जात नाही. आणि त्या मुलाविषयी शिक्षकाने ‘मंद’ हा शेरा एकदा मनाशी बांधला, की तोही सहजासहजी पुसला जात नाही.

भाषेच्या अंगाने पाहिले तर हे अंतर अधिक ठळक होते. देवनागरी ही अक्षरलिपी आहे. तिच्यात शब्द अक्षरांत तोडता येणे ही पहिली पायरी, मग अक्षरातील व्यंजन व स्वरचिन्ह वेगळे ओळखणे, मग जोडाक्षरे. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसते, की अशा लिपीतील अक्षरज्ञान एका वर्षात पुरे होत नाही. ते प्राथमिक शाळेच्या अनेक वर्षांत पसरलेले असते. मराठीची लिपी त्याच कुळातील आहे. त्यात मराठीच्या नामांना प्रत्ययापूर्वी सामान्यरूप घ्यावे लागते. ‘पाणी’चे ‘पाण्यात’ होते, ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते. ‘पाणीत’ म्हणणारे मूल आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ते चुकत नसून नियम शोधीत असते. ज्या मुलाच्या बोलण्यात हा शोध अद्याप चालू आहे त्याच्यापुढे लिखित प्रमाणरूप ठेवले, तर त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात, आणि शिक्षकाला त्यांतील एकच दिसते.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्याविषयी जो वाद झाला, त्याची येथे आठवण ठेवावी. त्यासंबंधीचे एप्रिल व जून महिन्यांतील शासननिर्णय २९ जून रोजी मागे घेण्यात आले. त्या वादात लहान मुलांवरील ओझ्याचा मुद्दा निघाला होता. पण ‘पहिलीतील मूल’ साडेपाच वर्षांचे की साडेसहा वर्षांचे, हा प्रश्न अभावानेच विचारला गेला. जणू ‘पहिली’ या शब्दातच वय सामावलेले आहे.

वस्तुतः तसे नाही. ‘इयत्ता’ हा संस्कृत शब्द ‘इतकेपणा’, ‘प्रमाण’ अशा अर्थाचा. किती शिकून झाले त्याचे माप म्हणजे इयत्ता. पंतोजींच्या शाळेत मुले वयाने नव्हे, तर धड्याने पुढे सरकत. सार्वत्रिक शाळेने इयत्तेला वयाची जोड दिली आणि मापाची वस्तूच बदलली.

५

आता हा नियम रोहा-अष्टमीत कसा उतरतो ते पाहू. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवरील ही दोन गावे एकाच नगरपरिषदेखाली नांदतात. जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे परप्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत. परिसरात आगरी व कोळी बोली आहेत, कोकणी मुसलमानांच्या घरांत कोकणी आहे, आणि डोंगराच्या कडेने कातकरी व ठाकूर वाड्या आहेत. पहिलीच्या एका वर्गात या सर्व घरांतील मुले येऊ शकतात. त्यांतील फार थोड्यांच्या घरी क्रमिक पुस्तकातील मराठी बोलली जाते. म्हणजे वयाच्या बारा महिन्यांच्या अंतरावर आणखी एक अंतर चढते, घरच्या बोलीचे. आणि डिसेंबरात जन्मलेल्या कातकरी मुलाच्या वाट्याला ही दोन्ही अंतरे एकदम येतात.

कातकरी ही केंद्र शासनाच्या यादीत विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेली जमात. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ३१ डिसेंबर हा जो मानीव दिनांक, त्या दिवशी अशा घरातील मूल बहुधा गावातच नसते. त्याची सहा वर्षे भट्टीवर पूर्ण होतात. नियमाने त्याला सहा महिने आधी शाळेत घेतले हे खरे. पण त्या सहा महिन्यांतील जून ते दिवाळी एवढाच काळ त्याच्या हाती येतो, आणि तोही त्याच्या वयाचा सर्वांत कोवळा भाग. हंगामी वसतिगृहाची योजना यासाठीच आहे. परंतु साडेपाच वर्षांचे मूल आईवाचून वसतिगृहात ठेवावयास कोणती आई धजेल?

अशा मुलांची जन्मतारीख हाही एक स्वतंत्र प्रश्न आहे. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे किती भेटतात हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. घरी तारखेची नोंद नाही, शाळा जूनमध्ये सुरू होणार, तेव्हा गुरुजींनी दाखल-खारीज नोंदवहीत वय जुळेल अशी १ जूनची तारीख घातली. पुढे तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर व निवृत्तीच्या आदेशावर गेली. जन्माने प्रवेश ठरावा अशी अपेक्षा. झाले ते असे, की प्रवेशाने जन्म ठरविला. ‘दाखल’ व्हावयास ‘दाखला’ लागतो, आणि ‘दाखला’ मिळावयास आधी ‘दाखल’ व्हावे लागते, या शब्दांच्या नात्यात ही सारी कथा सामावली आहे. त्या गुरुजींना दोष देण्याचे कारण नाही. नोंदीअभावी मूल परत पाठविण्यापेक्षा त्यांनी तारीख निर्माण केली.

आज ही वाट अरुंद होत आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात २०२३ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरतो. शिक्षणहक्क अधिनियमाचे चौदावे कलम मात्र वयाच्या पुराव्याअभावी कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही असे सांगते. ही मुले २०२९ च्या जूनमध्ये पहिलीच्या दाराशी येतील. त्या वेळी मुख्याध्यापकाने कोणता कायदा आधी वाचावा, हे आजच स्पष्ट केले पाहिजे. कारण ज्यांच्याकडे दाखला नसेल ती मुले कोणत्या वाड्यांतील असतील हे आपण जाणतो.

६

मग दिनांकाचा नियमच काढून टाकावा काय? तसे म्हणणे अविचाराचे होईल. दिनांकापूर्वीही एक कसोटी होती. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयाचा. कान हाती आला की शाळेचे वय झाले. ही कसोटी निदान मुलाकडे पाहत होती, एवढा तिचा गुण. परंतु ती हाडांची वाढ मोजी, वाणीची नव्हे. आणि कुपोषित मूल तिच्यात हमखास मागे पडे. मुलाखत घेऊन ‘तयारी’ पाहावयाची म्हटले, तर ज्या घरी पुस्तके आहेत त्या घरचीच मुले आधी आत येतील. म्हणूनच शिक्षणहक्क अधिनियमाच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी चाचणी निषिद्ध ठरविली. दिनांक निर्जीव आहे, पण तो निःपक्षपाती आहे.

सक्तीच्या शिक्षणाचा इतिहासही हेच सांगतो. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी अमरेलीतील प्रयोगानंतर १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सक्ती आणली ती सातव्या वर्षापासून. गोखल्यांच्या १९११ च्या विधेयकात सहा ते दहा ही मर्यादा होती. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. १९३७ च्या वर्धा योजनेने पुन्हा सात ते चौदा हा काळ धरला. या सर्वांच्या दृष्टीने वयाची मर्यादा ही मुलाचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य सांगणारी रेषा होती. मुलाची पात्रता मोजणारी पट्टी नव्हती. आजच्या नियमाचा दोष हा, की तो हक्काची रेषा आणि पात्रतेची पट्टी एकच समजतो. सहा वर्षे ‘मानली’ की मूल पहिलीच्या पुस्तकासाठी तयार आहे असेही मानले जाते.

या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा मार्ग महाराष्ट्रात पूर्वीच दाखविला गेला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस व पुढे कोसबाडला जे कार्य केले, त्यात मूल शाळेच्या मापाचे होईपर्यंत थांबण्याऐवजी शाळाच मुलाच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच विचारातून आला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. अंगणवाडीत मुलाचे वय महिन्यांत मोजतात, कारण वजनाचा तक्ता महिन्यांचा असतो. तेच मूल पहिलीत गेले की महिने नाहीसे होतात व केवळ ‘सहा’ हा आकडा उरतो. २०२२ पासून भरविल्या जाणाऱ्या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांत मुलाची भाषिक तयारी पाहिली जाते ही चांगली गोष्ट. तिच्यावर प्रवेश अवलंबून नसतो ही त्याहून चांगली. परंतु त्या निरीक्षणाचा उपयोग वर्षभराच्या अध्यापनात व्हावयास हवा.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नियमात वय सांगताना ते शाळा उघडण्याच्या दिवशीचे, वर्षे व महिने यांत सांगावे. साडेपाच वर्षांची मुले घ्यावयाची असतील तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे अभ्यासक्रम करणाऱ्यांना कोणासाठी लिहावयाचे ते कळेल. दुसरी, पहिलीच्या हजेरीपटावर प्रत्येक मुलाचे वय महिन्यांत नोंदलेले असावे, आणि पहिल्या सत्रातील मूल्यमापन त्याच्या आधारे वाचावे. तिसरी, पहिल्या सत्रात लेखनापेक्षा बोलण्याला व घरच्या बोलीला अधिक अवकाश द्यावा. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या पदरी निदान शाळेत आपले बोलणे ऐकले जाते एवढा विश्वास तरी पडेल. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना निराळा खर्च नाही. तिसरीला शिक्षकाचे प्रशिक्षण लागेल, व तेथे भाषाविज्ञानाच्या विभागांनी आपला वाटा उचलणे प्राप्त आहे.

आपल्या विभागात बोलींचे सर्वेक्षण होते. ते प्रौढ निवेदकांपुरते न ठेवता पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या बोलण्यापर्यंत नेले, तर आगरी, कातकरी व कोकणी घरांतील मूल कोणत्या महिन्यास कोणती व्याकरणिक रूपे आत्मसात करते हे सांगता येईल. सहा वर्षे म्हणजे भाषेच्या दृष्टीने काय, याचे उत्तर त्या नोंदींतूनच मिळू शकेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी हा विषय घ्यावा अशी सूचना करून हे विवेचन येथे पुरे करतो.